335 चॅनेलमधला उतार

डेडलाइनला सोळा दिवस राहिले होते आणि मला एका आकृतीवरची अक्षरं मोठी करायची होती. काम एवढंच. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली ती मुख्य आकृती मुलाखतीच्या स्लाइडवर लांबून वाचता यावी, म्हणून अक्षांवरचे आकडे ठळक केले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. लॅपटॉप आठवड्यापूर्वीच नव्याने सेट केला होता, सगळं सॉफ्टवेअर ताजं होतं. आकृती आली. अक्षरं मोठी झाली होती, आणि 2011 ते 2019 या वर्षांची, 2014 नंतर सावकाश खाली उतरणारी जी रेषा मी तीन वर्षं जपली होती, ती जवळजवळ आडवी झाली होती.

माझे पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीचे, सगळे अर्ज त्या रेषेवर उभे होते. दोन पाठवून झाले होते, नऊ पाठवायचे होते.

ही रेषा कशाची, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5800 केल्व्हिनचा, आणि त्याच्या वरचं प्रभामंडल, म्हणजे कोरोना, दहा लाख केल्व्हिनच्याही पुढचं. शेकोटीपासून दूर जावं आणि जास्त चटके बसावेत, असा हा प्रकार. ऊर्जा येते कुठून याबद्दल फारसा वाद नाही. पृष्ठभागाखालची खळबळ चुंबकीय क्षेत्राला सतत ढवळत असते, पीळ देत असते. ती ऊर्जा वर जाऊन उष्णतेत नेमकी कशी उतरते, यावर मात्र माणसांची आयुष्यं गेली आहेत. यूजीन पार्कर यांनी 1988 मध्ये असं मांडलं की गुंतलेल्या चुंबकीय धाग्यांमध्ये अगदी छोटे स्फोट होत असावेत, मोठ्या सौरज्वालेच्या साधारण अब्जांश ऊर्जेचे. हे नॅनोफ्लेअर. एकेकटा सुटा दिसणं फार अवघड. पण लोहाराच्या भट्टीचा विचार करा. लोखंड पूर्ण निवल्यावर पुन्हा भट्टीत जातं, की लाल असतानाच? धागा पूर्ण निवत असेल तर कोरोनात कमी-जास्त सगळ्या तापमानांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, सापडेल. निवायच्या आतच पुन्हा तापत असेल तर बहुतेक प्लाझ्मा चाळीस लाख केल्व्हिनच्या आसपास घुटमळेल. कोणत्या तापमानाचा प्लाझ्मा किती, याचा आलेख काढला की त्याच्या चढावरून तापण्याची लय कळते. चढ उभा असेल तर लय जलद, चढ सौम्य असेल तर संथ.

माझा पीएचडीचा विषय हाच. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हे यान 11 फेब्रुवारी 2010 ला उडालं. त्याच्यावरचा एआयए हा दुर्बीण-संच दर 12 सेकंदांनी अख्ख्या सूर्याची अतिनील चित्रं घेतो, प्रत्येक चित्र 4096 गुणिले 4096 पिक्सेलचं. त्यातली सहा चॅनेल्स तापमान काढायला वापरतात: 94, 131, 171, 193, 211 आणि 335 अँगस्ट्रॉम (हे तरंगलांबीचं एकक). सहा आकड्यांवरून वीस-पंचवीस तापमानांचा हिशेब मांडायचा, म्हणजे उत्तर एकमेव नसतंच. एका आकड्यात थोडी खोट आली की सगळा आलेख वाकतो. मी 2011 ते 2019 या काळातले सक्रिय प्रदेश, म्हणजे सूर्यावरचे तीव्र चुंबकीय क्षेत्राचे भाग, घेऊन चढ मोजले, आणि 2014 नंतर सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेचा सुमारे अकरा वर्षांचा चढउतार, ओसरत गेलं तसा चढ सौम्य होत गेला असं मला दिसलं. तीच ती उतरती रेषा. म्हणजे सूर्य शांत होत जातो तशी तापण्याची लय संथ होते. किती सुंदर निष्कर्ष होता!

नोकरीचा शोध ती रेषा आडवी होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी सुरू झाला होता. सौरभौतिकीत पोस्टडॉकच्या जागा ढोबळ मानाने दोन तऱ्हेच्या. एक, एखाद्या प्राध्यापकाला प्रकल्पासाठी पैसे मिळालेले असतात आणि त्या प्रकल्पाचं काम करायला त्यांना माणूस हवा असतो. जाहिरातीतच लिहिलेलं असतं: रेडिएटिव्ह एमएचडी सिम्युलेशनचा (चुंबकीय प्लाझ्माची हालचाल संगणकावर उभी करण्याचा) अनुभव हवा, किंवा स्पेक्ट्रोपोलरिमेट्रीचं इन्व्हर्जन (प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून चुंबकीय क्षेत्र काढणं) येत असावं, किंवा अमुक यानाच्या डेटावर काम केलेलं असावं. पार्कर सोलर प्रोब 2018 ला आणि सोलर ऑर्बिटर 2020 ला उडालं, हवाईतल्या हालेआकालावरची 4 मीटर आरशाची इनोये दुर्बीण सुरू झाली, आदित्य-एल1 सप्टेंबर 2023 मध्ये निघालं, तेव्हा या जागांना तोटा नव्हता. दुसरी तऱ्हा फेलोशिपची. तिथे प्रकल्प तुमचा, पैसे तुमच्या नावावर, यजमान संस्था तुम्ही शोधायची. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप घ्या. ज्या देशात जायचं त्या देशात मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. अमेरिकेतल्या जॅक एडी फेलोशिपला ज्यांचं नाव आहे त्या एडींनी 1976 मध्ये माउंडर मिनिममचा, म्हणजे सूर्यावरचे डाग जवळजवळ नाहीसे झाले होते त्या जुन्या काळाचा, पुरावा मांडला होता. फेलोशिप मिळाली तर मोकळीक मोठी, पण अर्जाला दोन महिने सहज जातात, आणि यजमान होकार देणार की नाही हे विचारण्यापासून सुरुवात करावी लागते.

मी दोन्हीकडे अर्ज करायचं ठरवलं. अर्जाचं सामान सगळीकडे सारखंच: सीव्ही, शोधनिबंधांची यादी, कव्हर लेटर, दोन-तीन पानांचं रिसर्च स्टेटमेंट आणि तीन रेफरन्स लेटर्स. पहिल्या दोन-तीन गोष्टी दोन दिवसांत होतात, त्यांच्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. रिसर्च स्टेटमेंटने माझे सहा आठवडे घेतले.

पहिला खर्डा घेऊन मी मॅडमच्या, म्हणजे माझ्या गाइडच्या, खोलीत गेले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि काही न बोलता एकेका शब्दाभोवती गोल काढायला लागल्या. तीन पानांत सतरा गोल. मग कागद माझ्याकडे फिरवला. प्रत्येक गोलात "अभ्यास केला", "विश्लेषण केलं", "तपासलं" यातलं काहीतरी होतं.

"हे सगळं तू केलंस, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण हे वाचणाऱ्याला सांग, तुला काय माहीत नाही? आणि ते तूच का शोधावंस?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन खर्डेही असेच परत आले. चौथ्या खर्ड्यात मी पहिलंच वाक्य प्रश्नाचं केलं: सक्रिय प्रदेशांच्या तापण्याची लय सौरचक्राबरोबर बदलते का? माझं उत्तर होतं, होय, बदलते. आता पुढचं चक्र चढतं आहे, डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेलं पंचविसावं चक्र, तर उलट्या दिशेने तपासू. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "आता कळलं तुला कशासाठी घ्यायचं," म्हणाल्या.

रेफरन्स लेटर्सबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण मला ती कुणी आधी सांगितली नव्हती. पत्र देणाऱ्याला प्रत्येक जागेसाठी वेगळी लिंक येते, वेगळी तारीख असते, आणि ते पत्र वेळेत पोहोचलं की नाही हे बऱ्याच ठिकाणी तुम्हाला दिसत नाही. मी एक तक्ता केला: जागा, तारीख, त्या जागेसाठी पत्रात माझ्या कामातला कोणता भाग यावा, आणि माझं स्टेटमेंट. तो तिघांनाही महिनाभर आधी दिला, आणि तारखेच्या आठवडाभर आधी एकदा आठवण केली. तिघंही व्यग्र माणसं. आठवण केल्याचा कुणालाच राग आला नाही.

आणि मग ती आडवी रेषा.

पहिल्यांदा वाटलं, नव्या लॅपटॉपवर काहीतरी चुकलंय. जुना प्रोग्राम जुन्या मशीनवर चालवला तर रेषा उतरती. नव्यावर आडवी. डेटा तोच, कोड तोच. रात्री अडीचपर्यंत मी एकेक ओळ छापून दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लावत बसले. 171 सारखं. 193 सारखं. 211 मध्ये किंचित फरक. 335 च्या आकड्यांत मात्र 2014 नंतर दोन्हीकडचं अंतर वाढतच गेलेलं.

झीज! एआयएच्या चॅनेल्सची संवेदनशीलता वर्षागणिक कमी होत जाते. यंत्राच्या भागांतून सुटणारे रेणू आतल्या पृष्ठभागांवर बसतात आणि अतिनील प्रकाश शोषतात. सर्वांत जास्त झीज 304 आणि 335 ची. ही झीज किती झाली याचं एक कोष्टक असतं, ते लावून आकडे दुरुस्त करायचे. मी दुरुस्ती केलेली होतीच. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी उतरवून घेतलेलं कोष्टक माझ्या फोल्डरमध्ये पडून होतं, आणि माझा कोड तीन वर्षं तेच वाचत होता. नव्या लॅपटॉपवर ती फाइल नव्हती, म्हणून प्रोग्रामने सर्व्हरवरचं ताजं कोष्टक आणलं. ते कोष्टक मधल्या काळात सुधारलेलं होतं. जुन्या कोष्टकात 335 ची झीज मी वापरलेल्या वर्षांसाठी कमी धरलेली होती. झीज कमी धरली की दुरुस्तीही कमी होते. मग पंचवीस-तीस लाख केल्व्हिनचा प्लाझ्मा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि चढ सौम्य होतो. मी सूर्याची लय मोजत होते असं मला वाटत होतं. मी मोजत होते डिटेक्टरचं वय.

सकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोष्टकाची तारीख लिहून घेतलीस?" मी म्हणाले, हो. "मग तुला आता खात्रीने माहीत असलेली एक गोष्ट आहे. पाठवलेल्या दोन अर्जांचं काय करणार आहेस?"

खरं सांगायचं तर तोवर मनात आलं होतं की ते दोन अर्ज तसेच जाऊ द्यावेत. कुणाला कळणार होतं? निबंध अजून छापून यायचा होता. पण मी त्या दोन्ही ठिकाणी लिहिलं. चार ओळींचं पत्र: माझ्या स्टेटमेंटमधला दुसऱ्या पानावरचा निष्कर्ष नव्या कॅलिब्रेशनमध्ये टिकत नाही, कारण असं असं आहे, सुधारलेलं पान जोडलं आहे. एका ठिकाणाहून दोन दिवसांत आभाराचं उत्तर आलं. दुसरीकडून काहीच आलं नाही. तिथली मुलाखत मात्र झाली, "लवकरच कळवतो" असं सांगितलं गेलं, आणि जागा भरली गेल्याचं मला चार महिन्यांनी त्यांच्याच माणसांच्या यादीत नवीन नाव पाहून कळलं. नकार पचतो. नकार कळवला न जाणं मला अजून खुपतं, कारण त्या काळात माणूस बाकीचे निर्णय रोखून धरून बसलेला असतो.

उरलेल्या दिवसांत मी स्टेटमेंट पुन्हा लिहिलं. प्रश्न तोच ठेवला, उत्तर काढून टाकलं. त्या जागी लिहिलं की ही लय चक्राबरोबर बदलते की नाही हे आज सांगता येत नाही, आणि का सांगता येत नाही ते मला नेमकं माहीत आहे. त्याच यानावरचं ईव्हीई हे उपकरण सूर्याचा एकूण अतिनील प्रकाश मोजतं, आणि एआयएची झीज त्याच्याशी ताडून पाहतात. ईव्हीईला स्वतःला तपासायला मधून मधून साउंडिंग रॉकेट सोडतात. ते काही मिनिटं वातावरणावर जातं, ताज्या कॅलिब्रेट केलेल्या यंत्राने सूर्य मोजतं आणि खाली येतं. पण ईव्हीईचा जो भाग या तरंगलांबी पाहायचा, तो मेग्ज-ए, मे 2014 मध्ये बंद पडला. माझ्या दोन मशीनवरचे आकडेही 2014 नंतरच एकमेकांपासून दूर जात होते. हा योगायोग नव्हता. म्हणून माझी योजना अशी होती: हिनोडे या दुसऱ्या सौरयानावरच्या ईआयएस या स्पेक्ट्रोमीटरने त्याच प्रदेशांचे वर्णपट घेतलेले आहेत तिथे चढ स्वतंत्रपणे काढायचा, त्याचीही झीज हिशेबात धरायची, आणि दोन्हींची एकमेकांशी सांगड लागते का ते पाहायचं.

वाचायला ही योजना पहिलीइतकी देखणी नव्हती. मला ती जास्त आवडत होती.

नऊ अर्ज गेले. पहिले नकार डिसेंबरमध्ये आले. एका जागेला एमएचडी सिम्युलेशन करणारं माणूस हवं होतं, मी केलेलं नव्हतं. तो अर्ज मी करायलाच नको होता, त्यात तीन रेफरन्स लेटर्स वाया गेली. जाहिरातीतली "आवश्यक" या शीर्षकाखालची यादी खरोखर आवश्यक असते, आणि "असल्यास उत्तम" मधलं निम्मं नसलं तरी चालतं, हे मला तेव्हा समजलं. फेलोशिपचा निकाल फेब्रुवारीपर्यंत येणार नव्हता.

जानेवारीत तीन मुलाखती झाल्या. त्यातली शेवटची सांगते. ऑनलाइन, त्यांच्याकडे दुपार, माझ्याकडे रात्र. वीस मिनिटं माझं सादरीकरण, मग पाच जण प्रश्न विचारणार. ती जागा प्रकल्पाची होती, विषय सक्रिय प्रदेशांच्या उष्णतेचा. मी सातव्या स्लाइडवर दोन्ही रेषा शेजारी शेजारी ठेवल्या, उतरती आणि आडवी, आणि कोणती कशी आली ते सांगितलं. तोपर्यंत कॅमेरा बंद ठेवलेल्या एका वयस्कर शास्त्रज्ञांनी कॅमेरा सुरू केला. त्यांनी विचारलं, "मग 2014 नंतरच्या तुमच्या एकाही बिंदूवर मी विश्वास का ठेवावा?"

मी म्हणाले, फक्त 335 वर अवलंबून असलेल्या भागावर ठेवू नका. मी ते चॅनेल पूर्णपणे वगळूनही हिशेब केला होता. पाच चॅनेल्सवर उत्तर आणखी सैल होतं, त्रुटींच्या पट्ट्या दुपटीहून रुंद होतात, आणि त्या पट्ट्यांत उतरती रेषाही बसते आणि आडवीही. तीच स्लाइड मी शेवटी राखून ठेवली होती, ती दाखवली. त्यांनी बराच वेळ ती पाहिली. मग पंधरा मिनिटं आम्ही दोघंच बोलत राहिलो: 94 चॅनेलमध्ये गरम लोहाच्या रेषेबरोबर दहा लाख केल्व्हिनचा थंड भाग मिसळतो तो कसा वेगळा काढायचा, ईआयएसच्या कोणत्या रेषा एकाच डिटेक्टरवर येतात, झीज कुठे एकमेकींना छेद देऊन निघून जाते. आपण मुलाखत देतो आहोत हे त्या पंधरा मिनिटांत मी विसरून गेले होते. प्रश्न विचारायची माझी पाळी आली तेव्हा मी तीन विचारले. करार किती वर्षांचा आणि पुढचं नूतनीकरण कशावर ठरतं? प्रकल्पाच्या कामाशिवाय स्वतःच्या प्रश्नाला किती वेळ? आणि याआधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी नावानिशी दिलं. तेवढ्यावरूनच ती जागा मला चांगली वाटायला लागली.

ऑफर जानेवारीच्या शेवटी आली. दोन वर्षं, पैसे राहिले तर तिसरं. पण फेलोशिपचा निकाल बाकी होता. इथे एक संकेत उपयोगी पडतो. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने पुरस्कार केलेला असा शिरस्ता आहे की पोस्टडॉकच्या उमेदवाराला 15 फेब्रुवारीच्या आधी होकार द्यायला भाग पाडू नये. सगळ्या संस्था तो पाळतातच असं नाही, पण मी नम्रपणे 15 तारखेपर्यंत मुदत मागितली आणि मिळाली. फेलोशिप मिळाली नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांत एक वाक्य होतं की प्रकल्प "सावध" आहे. मला वाईट वाटलं, आणि माझ्या प्रश्नाबद्दल खात्रीही वाटली. 14 फेब्रुवारीला होकार कळवला.

मधले महिने प्रबंधाच्या दुरुस्त्यांत गेले. चौथं प्रकरण जवळजवळ नव्याने लिहिलं. 10 मेच्या रात्री मी संदर्भसूची तपासत होते, तेव्हा 13664 या सक्रिय प्रदेशातून निघालेले उद्रेक पृथ्वीवर येऊन आदळले आणि ऑक्टोबर 2003 नंतर पहिल्यांदाच जी5 या सर्वोच्च दर्जाचं भूचुंबकीय वादळ झालं. फोनवर लोकांनी काढलेल्या ध्रुवीय प्रकाशाच्या फोटोंचा पाऊस पडत होता. संदर्भसूची त्या रात्री पूर्ण झाली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी रुजू झाले. तिसऱ्या दिवशी, 3 ऑक्टोबर 2024 ला, 12 वाजून 18 मिनिटं युनिव्हर्सल टाइमला 13842 या प्रदेशात एक्स9 दर्जाची, म्हणजे सर्वांत तीव्र वर्गातली, सौरज्वाला झाली. सगळा गट एका पडद्यापाशी गोळा झाला. माझं ओळखपत्रही अजून तयार नव्हतं. 131 चॅनेलचं चित्र मध्यभागी पांढरं फटक पडलं होतं, आणि फिल्टरला आधार देणाऱ्या जाळीमुळे त्याच्यातून फुलीसारख्या रेघा फुटल्या होत्या. अशा वेळी एआयए आपोआप एक्स्पोजर कमी करतं, एकाआड एक चित्र आखूड वेळाचं घेतं. त्यामुळे पडद्यावर एक चित्र ओसंडलेलं आणि पुढचं स्वच्छ, असं उघडझाप चाललं होतं.

"335 काय म्हणतंय?" मुलाखतीत कॅमेरा सुरू करणाऱ्या त्याच शास्त्रज्ञांनी मागून विचारलं.

मी खुर्ची ओढून घेतली आणि आधी कोष्टकाची तारीख पाहिली.